विमानाच्या पोटातून प्रवाशाच्या हातात : लिथियम बॅटरीच्या आगीचा इतिहास

प्रवासी विमानातील आग विझवण्याची व्यवस्था अनेक दशके हॅलॉन वायूवर अवलंबून होती. सामान ठेवण्याच्या कक्षात धूर ओळखणारी यंत्रणा बसवायची, धूर दिसला की वैमानिकाने बटण दाबून हॅलॉन सोडायचा आणि जवळच्या विमानतळावर उतरायचे, अशी ही रीत होती. हॅलॉन ज्वाळेची रासायनिक साखळी तोडतो, त्यामुळे कागद, कापड, प्लास्टिक यांची आग त्याला जुमानते. लिथियम बॅटरीची आग मात्र त्याला पुरती जुमानत नाही. ज्वाळा विझल्या तरी बॅटरीच्या आतली उष्णता वाढत राहते. ही आग आटोक्यात आणायची तर बॅटरी थंड करावी लागते आणि त्यासाठी कोणीतरी तिच्याजवळ पोहोचावे लागते. हवेत असलेल्या विमानाच्या सामानकक्षात कोणीच पोहोचू शकत नाही. म्हणूनच गेल्या पाव शतकात या विषयावर जे नियम झाले, ते बहुतेक एकाच दिशेने गेले. एखादा अपवाद सोडला तर त्यांनी बॅटरी नजरेआडच्या सामानकक्षातून काढून माणसाच्या नजरेच्या आणि हाताच्या आणखी जवळ आणली.

सेलच्या आत काय घडते

सोनी कंपनीने १९९१ मध्ये पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. कमी वजनात जास्त ऊर्जा साठवणारी आणि पुन्हा पुन्हा चार्ज होणारी ही बॅटरी आधी व्हिडिओ कॅमेऱ्यात, मग लॅपटॉपमध्ये आणि पुढे मोबाईलमध्ये आली. तिच्या आधीपासून लिथियम-मेटल बॅटरी वापरात होती. घड्याळे आणि कॅमेरे यांत वापरली जाणारी ही बॅटरी एकदा संपली की टाकून द्यावी लागते आणि तिच्यात लिथियम धातूच्या रूपातच असतो.

लिथियम-आयन सेलमध्ये धन आणि ऋण अग्रांच्या मध्ये प्लास्टिकचा अगदी पातळ सच्छिद्र पडदा असतो. भोवतीचे इलेक्ट्रोलाइट हे सेंद्रिय द्रावक असते आणि ते ज्वालाग्राही असते. सेल चेपला, त्यात छेद झाला, तो प्रमाणाबाहेर चार्ज झाला किंवा बनवतानाच त्यात दोष राहिला, तर पडदा फाटून आतल्या आत शॉर्टसर्किट होते. उष्णतेने रासायनिक क्रिया वेग घेतात आणि त्या क्रियांमधून आणखी उष्णता निघते. ठरावीक तापमानाच्या पुढे हे चक्र थांबवता येत नाही. धन अग्रातील ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो, इलेक्ट्रोलाइटची वाफ होते, सेल फुगतो आणि फुटतो. बाहेर पडणाऱ्या वायूंत हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड असतात, शिवाय विषारी हायड्रोजन फ्लोराइडही असतो. एक सेल पेटला की त्याची धग शेजारच्या सेलला लागते आणि फटाक्यांच्या माळेसारखे ते एकामागून एक फुटत जातात. ज्वाळा विझलेली बॅटरी काही मिनिटांनी पुन्हा पेट घेते, त्याचे कारण हेच.

लॉस एंजेलिसमधील इशारा

२८ एप्रिल १९९९ रोजी लॉस एंजेलिस विमानतळावर जपानमधील ओसाकाहून आलेल्या प्रवासी विमानातून माल उतरवला गेला. त्यात लहान लिथियम-मेटल बॅटऱ्यांनी भरलेले दोन पॅलेट होते. एकूण बॅटऱ्या सुमारे १ लाख २० हजार. मालवाहतूक आवारात हे पॅलेट हलवताना खोक्यांना धक्का बसला आणि नंतर त्यांनी पेट घेतला. कर्मचाऱ्यांनी हातातली अग्निशामके वापरली, पाण्याचा मारा केला. आग दबली असे वाटले की ती पुन्हा भडके.

जमिनीवर असल्यामुळे ही घटना आगीपुरतीच राहिली. पण हाच माल काही तासांपूर्वी प्रवाशांच्या पायाखाली पॅसिफिक महासागर ओलांडून आला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, या प्रकरणाची चौकशी केली आणि प्रवासी विमानांतून अशा बॅटऱ्या नेण्याच्या धोक्याकडे लक्ष वेधले.

अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनचे (एफएए) संशोधन केंद्र न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीजवळ आहे. तिथल्या चाचण्यांचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. लिथियम-मेटल बॅटऱ्यांच्या आगीवर हॅलॉन १३०१ या वायूचा परिणाम होत नाही आणि उडणारा वितळलेला लिथियम सामानकक्षाच्या आतल्या अस्तरालाही भोके पाडू शकतो, असे त्यांत दिसले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेने प्रवासी विमानांतून या बॅटऱ्यांच्या मालवाहतुकीवर बंदी घातली. २००६ मध्ये लिथियम-आयन सेलच्या चाचण्या झाल्या. हॅलॉनने इलेक्ट्रोलाइटच्या ज्वाळा विझल्या, पण तापलेले सेल एकमेकांना पेटवत राहिले. म्हणजे हॅलॉनने वेळ मिळत होता, आग संपत नव्हती.

सुटी बॅटरी केबिनमध्ये, बादली तयार

यातून निघालेला पहिला निष्कर्ष सामान्य प्रवाशाला उलटा वाटावा असा होता. धोक्याची वस्तू प्रवाशांपासून लांब ठेवायची, हा सुरक्षेचा नेहमीचा विचार. बॅटरीच्या बाबतीत तो मागे पडला. १ जानेवारी २००८ पासून अमेरिकेत सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत ठेवायला मनाई झाली. त्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या, टोकांवर चिकटपट्टी लावून किंवा वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून, म्हणजे नाणे किंवा किल्ली लागून शॉर्टसर्किट होणार नाही. केबिनमध्ये धूर निघाला तर तो लगेच कोणाला तरी दिसतो आणि केबिन कर्मचाऱ्यांच्या हाताशी अग्निशामक आणि पाणी असते, हा त्यामागचा विचार होता.

मग त्या कर्मचाऱ्यांनी नेमके काय करायचे, हे २००९ मध्ये एफएएने विमान कंपन्यांना पाठवलेल्या सुरक्षा सूचनेत मांडले. आधी हॅलॉनच्या अग्निशामकाने ज्वाळा पाडायच्या, म्हणजे आजूबाजूची आसने आणि कापड पेटणार नाही. त्यानंतर लगेच उपकरणावर पाणी किंवा अल्कोहोल नसलेले दुसरे पेय ओतत राहायचे, म्हणजे न पेटलेले सेल थंड होतील. बर्फ वापरायचा नाही. बर्फाने झाकलेल्या उपकरणातली उष्णता आतच अडकून राहते आणि पुढचे सेल पेटतात. गरम उपकरण उचलून दुसरीकडे न्यायचे नाही, कारण पुढचा सेल कोणत्या क्षणी फुटेल याचा भरवसा नसतो.

विजेच्या उपकरणावर पाणी ओतणे आणि तेही लिथियमच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तूवर, हे अनेकांना खटकत होते. लिथियम धातूची पाण्याशी तीव्र क्रिया होते हे खरे, पण लिथियम-आयन सेलमध्ये धातूच्या रूपातला लिथियम जवळजवळ नसतो आणि मोबाईलच्या बॅटरीचा व्होल्टेज कमी असतो. पाण्याने होणारा फायदा त्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा ठरतो. या सूचनेनंतर विमानातले पिण्याचे पाणी, ज्यूस, सोडा हे सारे अग्निशमनाचे साहित्य बनले.

दुबईचे मालवाहू विमान

३ सप्टेंबर २०१० च्या संध्याकाळी यूपीएस कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान दुबईहून जर्मनीतील कोलोनकडे निघाले. त्यात ८० हजारांहून अधिक लिथियम बॅटऱ्या होत्या. काही खेपांमधल्या बॅटऱ्या धोकादायक मालाच्या व्याख्येत बसत होत्या, तरी कागदपत्रांत तशी नोंद नव्हती. उड्डाणानंतर साधारण २२ मिनिटांनी, बहरीनच्या परिसरात, मुख्य डेकवर आग लागल्याची घंटा वाजली. दोहा जवळ होते, पण कप्तानाने दुबईला परतायचे ठरवले.

पुढची मिनिटे झपाट्याने हातातून निसटत गेली. आगीने विमानाच्या नियंत्रण तारांच्या आधारांना धक्का लावला. कॉकपिट धुराने इतके भरले की वैमानिकांना समोरची उपकरणे दिसेनात. कप्तानाचा ऑक्सिजन पुरवठा बंद पडला, ते आसन सोडून उठले आणि परत आले नाहीत. उरलेला वैमानिक एकटा विमान चालवत होता. त्याला रेडिओची वारंवारिता बदलता येत नव्हती, म्हणून दुबईच्या नियंत्रकांचे निरोप आसपासच्या दुसऱ्या विमानांमार्फत त्याच्यापर्यंत पोहोचवले जात होते. त्याची उंची, वेग आणि दिशा त्याला इतरांकडून कळत होती. विमान दुबईपर्यंत आले, पण धावपट्टीवर उतरू शकले नाही. एका लष्करी तळाच्या आवारात ते कोसळले आणि दोघेही वैमानिक मरण पावले. पहिल्या घंटेपासून शेवटापर्यंत अर्धा तासही गेला नव्हता.

या विमानाच्या मुख्य डेकवर आग विझवणारा वायू सोडण्याची सोयच नव्हती. केबिनमधला हवेचा दाब कमी करून आगीचा ऑक्सिजन तोडायचा, एवढाच उपाय होता आणि स्वतःचा ऑक्सिजन निर्माण करणाऱ्या बॅटऱ्यांपुढे तो अपुरा होता. २८ जुलै २०११ रोजी एशियाना कंपनीचे ७४७ मालवाहू विमान आग लागल्यावर दक्षिण कोरियाच्या जेजू बेटाजवळ समुद्रात कोसळले. त्याच्या मालातही लिथियम बॅटऱ्या आणि ज्वालाग्राही द्रव पदार्थ होते. त्यातलेही दोन्ही वैमानिक वाचले नाहीत.

विमानाची स्वतःची बॅटरी

जानेवारी २०१३ मध्ये आग मालात किंवा प्रवाशांच्या सामानात न लागता विमानाच्या स्वतःच्या यंत्रणेत लागली. बोइंग ७८७ ड्रीमलायनरमध्ये आठ मोठ्या सेलच्या लिथियम-आयन बॅटऱ्या बसवल्या होत्या. ७ जानेवारीला टोकियोहून बोस्टनला आलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानातून प्रवासी उतरून गेले होते. साफसफाई करणाऱ्यांना केबिनमध्ये धूर दिसला आणि सहायक वीजयंत्राची बॅटरी जळत असल्याचे कळले. १६ जानेवारीला ऑल निप्पॉन एअरवेजचे ७८७ बॅटरीतून धूर निघाल्याने जपानमधील ताकामात्सू येथे तातडीने उतरवावे लागले.

त्याच दिवशी एफएएने अमेरिकेतील ७८७ विमानांचे उड्डाण थांबवले. एका संपूर्ण ताफ्यावर अशी बंदी १९७९ मधल्या डीसी-१० नंतर प्रथमच आली होती. जगभर सेवेत असलेली सुमारे ५० ड्रीमलायनर जमिनीवर बसली. त्यांत एअर इंडियाची सहा होती. धूर निघण्याची घटना एक कोटी उड्डाण-तासांत एकदाही घडणार नाही, असा उत्पादकाचा अंदाज होता. प्रत्यक्षात एक लाख तासही पुरे होण्याआधी ती दोनदा घडली. एका सेलमधले अंतर्गत शॉर्टसर्किट शेजारच्या सेलपर्यंत पसरते, ही शक्यता प्रमाणनाच्या वेळी पुरेशी तपासली गेली नव्हती, असे एनटीएसबीला आढळले.

यावरचा उपाय बराच बोलका आहे. सेल पुन्हा कधी बिघडणारच नाही, असा दावा कोणी केला नाही. सेलमधले अंतर आणि विलगीकरण वाढवले, संपूर्ण बॅटरी पोलादी पेटीत बंद केली आणि पेटीतून निघणारा धूर थेट विमानाबाहेर सोडणारी नळी बसवली. म्हणजे बिघाड होईल हे धरून चालायचे आणि त्याचा परिणाम पेटीबाहेर जाऊ द्यायचा नाही. एप्रिलमध्ये एफएएने हा बदल मान्य केला आणि विमाने पुन्हा उडू लागली.

मालवाहतुकीवर जागतिक बंदी

दरम्यान एफएएच्या चाचण्यांत आणखी एक धोका स्पष्ट झाला होता. तापलेल्या सेलमधून निघालेले वायू बंद कक्षात साठतात आणि हॅलॉन असूनही त्यांचा स्फोट होऊ शकतो. विमान बनवणाऱ्या कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आणि वैमानिकांच्या संघटनांनी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे, म्हणजे इकाओकडे, धाव घेतली. बॅटऱ्यांच्या मोठ्या खेपेची आग रोखण्यासाठी सामानकक्ष बनवलेलेच नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. लिथियम-मेटल बॅटऱ्यांची सुटी खेप प्रवासी विमानातून नेण्यावर १ जानेवारी २०१५ पासून जगभर बंदी आली. १ एप्रिल २०१६ पासून लिथियम-आयन बॅटऱ्यांनाही तीच बंदी लागू झाली. मालवाहू विमानातून त्या नेताना जास्तीत जास्त ३० टक्केच चार्ज ठेवण्याची अट आली, कारण कमी चार्ज असलेला सेल सहजी पेट घेत नाही.

मोबाईल, हेडफोन आणि लॅपटॉप

सामानकक्षातल्या मालाचा प्रश्न असा बराचसा सुटला तरी प्रत्येक प्रवाशाच्या खिशात आता किमान एक बॅटरी होती. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीला उतरलेल्या एका विमानात प्रवाशाच्या मोबाईलमधून दाट धूर निघाला. तपासात कारण सापडले ते म्हणजे दुरुस्तीच्या वेळी चुकीच्या जागी राहिलेला एक बारीक स्क्रू. त्याने बॅटरीला छेद दिला होता. आसनाच्या फटीत घसरलेला फोन आसन मागेपुढे करताना चिरडला जातो आणि पेटतो, असे प्रकारही घडले. ‘फोन पडला तर आसन हलवू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा’, ही उड्डाणापूर्वीची सूचना त्यातून आली.

२०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ या फोनने हा विषय घराघरांत नेला. ऑगस्टमध्ये आलेले फोन पेटू लागल्याने सप्टेंबरमध्ये परत मागवले गेले. ५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुईव्हिल येथे उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानात बदलून दिलेल्या फोनमधूनही धूर निघाला आणि विमान रिकामे करावे लागले. त्या महिन्याच्या मध्यावर अमेरिकेने हा फोन विमानात नेण्यावरच बंदी घातली.

भारतातला प्रसंगही त्याच काळातला आहे. २३ सप्टेंबर २०१६ रोजी सिंगापूरहून चेन्नईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात प्रवाशांना डोक्यावरच्या कप्प्यातून धुराचा वास आला. कर्मचाऱ्यांनी आसपासच्या प्रवाशांना दुसऱ्या आसनांवर हलवले आणि कप्पा उघडला. आत सॅमसंग नोट २ या जुन्या फोनमधून ठिणग्या आणि धूर निघत होता. त्यांनी अग्निशामक वापरले, मग फोन पाण्याने भरलेल्या भांड्यात टाकून शौचालयात ठेवला. विमान नेहमीप्रमाणे चेन्नईत उतरले. फेब्रुवारी २०१७ मध्ये बीजिंगहून मेलबर्नला जाणाऱ्या विमानात झोपलेल्या एका प्रवासी महिलेच्या कानांवरचे हेडफोन स्फोट होऊन पेटले. तिने ते खाली टाकले आणि कर्मचाऱ्यांनी बादलीभर पाणी ओतले. बॅटरी वितळून जमिनीला चिकटली होती. दोन्ही विमानांतले प्रवासी सुखरूप पोहोचले. आग दिसत होती आणि हात तिथपर्यंत पोहोचत होते.

मार्च २०१७ मध्ये मात्र अमेरिकेने सुरक्षेच्या वेगळ्याच कारणाने उलटे पाऊल टाकले. दहशतवादी हल्ल्याच्या भीतीने आठ देशांतील दहा विमानतळांवरून येणाऱ्या प्रवाशांना लॅपटॉप केबिनमध्ये नेण्यास मनाई केली, म्हणजे ते सामानकक्षात जाऊ लागले. एफएएने लॅपटॉप भरलेल्या सुटकेसवर चाचण्या केल्या. एका चाचणीत लॅपटॉपशेजारी ड्राय शाम्पूचा स्प्रे ठेवला होता. बॅटरी पेटली आणि ४० सेकंदांत स्प्रेचा स्फोट झाला. सामानकक्षातला हॅलॉन पुरेशा प्रमाणात पसरण्याइतकाही हा वेळ नव्हता. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत सर्व विमानतळांवरून ही मनाई उठली.

पॉवर बँक आणि डोक्यावरचा कप्पा

२८ जानेवारी २०२५ च्या रात्री दक्षिण कोरियातील बुसानच्या गिमहे विमानतळावर एअर बुसानचे एअरबस ए३२१ विमान हाँगकाँगला निघण्याच्या तयारीत होते. मागच्या बाजूच्या डोक्यावरच्या कप्प्यातून धूर आणि ज्वाळा येऊ लागल्या. विमानातले १७६ जण घसरगुंड्यांवरून बाहेर पडले. विमानाचे छप्पर मात्र जवळजवळ पूर्ण जळून गेले. मार्चमधल्या अंतरिम निष्कर्षानुसार पॉवर बँकेच्या आतले विद्युतरोधन निकामी होऊन आग लागली असण्याची शक्यता होती.

केबिनमध्ये बॅटरी असणे पुरेसे नाही, हे बुसानने दाखवले. बंद कप्प्यात, बॅगांच्या ढिगाखाली असलेली बॅटरी सामानकक्षातल्या बॅटरीइतकीच नजरेआड असते. १ मार्च २०२५ पासून कोरियाने पॉवर बँक कप्प्यात ठेवायला मनाई केली आणि त्या अंगावर किंवा आसनाजवळ ठेवण्याची सक्ती केली. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिलपासून विमानात पॉवर बँक वापरणे आणि चार्ज करणे बंद केले. एमिरेट्सने ऑक्टोबरपासून प्रवाशाला एकच पॉवर बँक आणि तीही न वापरता नेण्याची मुभा ठेवली. १८ ऑक्टोबरला हांगझूहून सोलकडे जाणाऱ्या एअर चायनाच्या विमानात कप्प्यातली बॅटरी पेटली आणि विमान शांघायला वळवावे लागले. दुसऱ्याच दिवशी दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या इंडिगोच्या विमानात, ते अजून जमिनीवरच चालत असताना, पुढच्या आसनाच्या खिशात ठेवलेली पॉवर बँक पेटली. तिथे ती समोरच होती, त्यामुळे कर्मचाऱ्यांनी काही सेकंदांत आग विझवली. त्यानंतर भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी, डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू नये आणि उड्डाणात तिच्यावर उपकरणे चार्ज करू नयेत, अशा सूचना दिल्या.

आजची कार्यपद्धती

आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत बॅटरीची मर्यादा वॅट-अवरमध्ये मोजली जाते. १०० वॅट-अवरपर्यंतची सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत नेता येते, १०० ते १६० पर्यंतच्या जास्तीत जास्त दोन आणि त्याही विमान कंपनीच्या परवानगीने. त्याहून मोठी सुटी बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. पॉवर बँकेवर मिलिअँपिअर-अवरचा आकडा असतो. त्याला सेलच्या ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागले की वॅट-अवर मिळतात. म्हणजे २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-अवरची आणि २७,००० ची जवळजवळ १०० ची.

आग लागलीच तर कर्मचाऱ्यांची कामे वाटून दिलेली असतात. एक जण श्वसनरक्षक मुखवटा आणि उष्णतारोधक हातमोजे घालून अग्निशामक वापरतो, दुसरा कॉकपिटला कळवतो, तिसरा प्रवाशांना हलवतो आणि आणखी अग्निशामके व पाणी आणतो. उपकरण चार्जिंगला असेल तर वीज तोडायची, ज्वाळा पाडायच्या, मग भरपूर पाणी ओतायचे आणि नजर हटवायची नाही. साधारण १० ते १५ मिनिटांनी उपकरण निवाल्यावर ते रिकाम्या भांड्यात ठेवून पूर्ण बुडेल इतके पाणी घालायचे, भांडे सुरक्षित जागी अडकवून ठेवायचे आणि विमान उतरेपर्यंत तपासत राहायचे. अनेक कंपन्या आता आगरोधक पिशव्याही ठेवतात, पण उपकरण थंड होण्याआधी ते उचलून पिशवीत घालण्याचा धोका कायम आहे. म्हणून पाण्याची जागा पिशवीने घेतलेली नाही.

प्रवाशाकडून अपेक्षित गोष्टी थोड्याच आहेत : फुगलेली किंवा दुरुस्तीत बिघडलेली बॅटरी घरीच ठेवणे, चेक-इनच्या बॅगेतून सुट्या बॅटऱ्या काढून घेणे, दारात बॅग ऐनवेळी खाली पाठवली तर त्यातली पॉवर बँक आधी हातात घेणे आणि उपकरण गरम लागताच कर्मचाऱ्यांना सांगणे. यापैकी शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण केबिनमधल्या बॅटरीची पहिली उष्णता आणि पहिला धूर जवळपास नेहमीच प्रवाशाच्याच लक्षात येतो आणि कर्मचाऱ्यांची सारी तयारी त्याच्या हाकेनंतर सुरू होते.